दोन पंख्यांचा लॅपटॉप

“पण वजनाला कसा आहे?” लेकीनं पुन्हा तेच विचारलं आणि बापाला हसू आलं.

दुकानदारानं लॅपटॉप उलटा करून दोघांसमोर धरला होता. बापाचं लक्ष तळाच्या जाळीकडे होतं. शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. गरम हवा बाहेर कुठून पडते हे पाहिल्याशिवाय तो कुठल्याच यंत्रावर विश्वास ठेवत नसे. लेकीला गेमिंगचा लॅपटॉप घ्यायचा ठरल्यापासून चहाच्या सुट्टीत व्हिडिओ बघून बघून त्यानं डोळे फोडून घेतले होते. ग्राफिक्स कार्ड कितीही दमदार असो, तापलं की ते रेंगाळायला लागतं, हे त्याला आता पाठ झालं होतं. म्हणजे जाड अंगाचा हवा, दोन पंख्यांचा हवा, आणि रॅम पुढेमागे वाढवता आली पाहिजे. त्याचं पक्कं ठरलं होतं.

लेकीच्या मनात दुसराच भरला होता. पातळसा, एका हातात मावणारा, बॅटरी बराच वेळ पुरणारा. त्यातलं कार्ड एक पायरी खालचं होतं. आपल्या खेळांना तेवढं चालतं, चित्र जरा कमी झगमगलं तरी काही बिघडत नाही, असं तिचं म्हणणं. दुकानदारानंही तिची बाजू घेऊन पाहिली. सारखी ने-आण होणार असेल तर हाच बरा पडेल, असं तो म्हणाला.

“ने-आण कुठं करायचीय?” बाप म्हणाला. “घरातल्या टेबलावरून तो हलायचासुद्धा नाही. शेजारीच प्लग आहे. बॅटरी हवी कशाला?”

लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तो पातळ लॅपटॉप हळूच मिटला, दुकानदाराकडे सरकवला आणि बाप म्हणतो तोच घेऊ म्हणून मान हलवली.

लेकीला आपलं पटलं, असं बापाला वाटलं. घरी येताना खोका त्यानं स्वतः काखेत धरला होता. त्याला सगळ्यात भारीच हवा होता आणि त्याचं खरं कारण पंख्यांत नव्हतं. त्याचं आणि बायकोचं वेगळं व्हायचं ठरलं होतं. आदळआपट नाही, तमाशा नाही. पटेनासं झालं होतं, ते दोघांनी समजूतदारपणे मान्य केलं होतं. लेकीची परीक्षा होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवून दोघं तिच्यादेखत गोडीगुलाबीनं वागत होते. तिला कळण्याआधी तिच्या पदरात काहीतरी धड पडावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

परीक्षा संपली. दोघांनी तिला समोर बसवलं. आईनं सुरुवात केली. पुढचं बापानं सांगितलं. आई पलीकडच्या भागात घर घेतेय. आठवड्यातले काही दिवस तू इथं, काही दिवस तिथं. तुला काही कमी पडू देणार नाही.

लेक रडली नाही. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही जेवताना एकमेकांना थँक्यू म्हणायला लागलात ना, तेव्हाच कळलं.”

आई उठून आत गेली. बापाला ते दुकान आठवलं. दुकानात शिरताना पोरीला सगळं ठाऊक होतं. ती दोन घरांच्या मधला रस्ता मोजत होती आणि आपण तिला पंखे दाखवत होतो. त्यानं तिची माफी मागायला तोंड उघडलं आणि बॅग कुठली नेशील, असं काहीतरी भलतंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. वापरलेला परत घेता येत नाही, असं दुकानदारानं समजावून सांगितलं. त्याचं बरोबरच होतं.

मग ते जाणं-येणं सुरू झालं. एका खांद्यावरच्या बॅगेत लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर घेऊन लेक जिना उतरायची तेव्हा एका अंगाला झुकायची. बाप बॅग घेऊ का म्हणायचा, ती राहू दे म्हणायची. बाकी तिला काही न्यावं लागत नसे. पलंग, पांघरूण, दात घासायचा ब्रश, चपला, अभ्यासाचा दिवा, सगळं दोन्हीकडे होतं. एकीकडे उशी बदलली की दुसरीकडे नवी यायची. आईबापांनी अगदी चढाओढीनं सगळं पुरवलं होतं.

एकदा ती आली आणि तिनं बॅग खाली ठेवली, तर खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. बापाला ते बघवेना. त्यानं मनाशी जुळवून ठेवलेलं एका दमात सांगून टाकलं. तुला आवडला होता तो पातळ लॅपटॉप आपण घेऊ. तो इथं राहील, हा तिकडे राहील. कशाला उगाच ओझं वाहायचं. माझं तेव्हा चुकलंच.

बोलून झाल्यावर त्याला मोकळं वाटलं. तिचा चेहरा खुलेल म्हणून तो बघत राहिला.

लेक चार्जरची वायर सोडवत होती. तिनं मान वर केली नाही.

“नको बाबा,” ती म्हणाली. “माझं सगळंच दोन-दोन झालंय. हा तरी एकच राहू दे.”