लांब श्वास

"हिचा नंबर तिसरा," शुभांगी सिस्टर म्हणाल्या. "शांत आहे पोरगी. अजून अवकाश आहे."

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, लेबर रूमबाहेरच्या बाकावर तिघी होत्या. दोघी ओरडत होत्या, एक आईच्या नावाने, दुसरी नवऱ्याच्या. तिसरी स्नेहल. सुरगाण्याच्या डोंगरातून सकाळी १०८च्या गाडीतून आणलेली. वय एकवीस, पहिलंच बाळंतपण, अंगात रक्त कमी. ती समोरच्या भिंतीकडे बघत नाकाने श्वास घेत होती आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडत होती. एका बाजूला सासू अक्काबाई. दुसऱ्या बाजूला गावच्या उपकेंद्रातली नर्स रोहिणी, जी रक्त कमी म्हणून स्वतः गाडीत बसून आली होती.

सिस्टरांनी ओरडणाऱ्या दोघींना सुनावलं, हिच्याकडे बघा आणि शिका जरा. मग रोहिणीला विचारलं, हे तुम्ही शिकवलंत का. रोहिणीने मान डोलावली. तिला बरं वाटलं.

तीन वर्षं ती उपकेंद्राच्या ओट्यावर दर मंगळवारी वर्ग घेत होती. गोळी-इंजेक्शनाशिवाय दुखणं हलकं कसं करायचं, हा विषय. शिकवायच्या गोष्टी तीनच. कंबर चोळणं, गरम कापडाचा शेक आणि लांब श्वास. पहिल्या वर्षी पाच बायका आल्या. यंदा चाळीस. सासवा स्वतः सुनांना घेऊन यायच्या. कंबर चोळायला नवऱ्यांना शिकवायचं ठरवलं, तेव्हा पुरुष हसत पांगले. स्नेहलचा नवरा हिरामण तर दुसऱ्याच दिवशी दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला निघून गेला. शेकाला सरपण लागे आणि एक रिकामं माणूस लागे. श्वासाला काहीच लागत नव्हतं. तो तेवढा रुजला. रोहिणीने अहवालात लिहिलं होतं, 'गावाने पद्धत स्वीकारली.'

बाकावर अक्काबाई शेजारणीच्या आईला म्हणाली, "तुमची लेक सगळ्या नाशकाला सांगूनच बाळंत होनार वाटतं."

"आणि तुमची मुकी हाय का?" ती आई म्हणाली.

रोहिणी हसली. हसता हसता तिने स्नेहलची कंबर चोळायला हात लावला आणि तो सहज पुढे पोटावर नेला.

पोट दगडासारखं होतं. कळ आली असेल, असं समजून ती थांबली. कळ ओसरली की पोट सैल पडतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. तीन. पोट सैल पडलं नाही. स्नेहलच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. श्वास आत, श्वास बाहेर.

"कधीपासून असं आहे?"

"घाटापासून," स्नेहल म्हणाली.

"मधे एकदाही सुटलं नाही?"

स्नेहलने मान हलवली, नाही.

घाटाला दोन तास झाले होते. त्या दोन तासांत रोहिणी तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती. वणीला आणि दिंडोरीला, असं दोनदा तिने कागदावर 'कळा सौम्य' म्हणून लिहिलं होतं. पोटावर हात ठेवला नव्हता. चेहरा बघूनच लिहिलं होतं.

तिने उठून सिस्टरांना सांगितलं, पोट सोडत नाहीये. सिस्टरांनी आधी स्नेहलकडे बघितलं, मग रोहिणीकडे. अहो, पण बसलीये बघा कशी, असं त्या म्हणत होत्या तोच रोहिणीने त्यांचं मनगट धरलं, बाकाजवळ ओढत आणलं आणि त्यांचा हात त्या पोटावर ठेवला.

मग नंबराचं नाव कोणी काढलं नाही. स्ट्रेचर आलं, डॉक्टर धावत आले, अक्काबाईचा अंगठा घेतला, दार बंद झालं. वार बाळाच्या आधीच गर्भाशयापासून सुटली होती. रक्त आतल्या आत साठत होतं. अजून अर्धा तास गेला असता तर दोघींपैकी कोणीच हाती लागलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. दोघी, कारण मुलगी झाली होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिचं काय होईल ते दोन दिवस सांगता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी वॉर्डात गेली, तेव्हा अक्काबाई खाटेखाटेपाशी जाऊन सांगत होती. वार सुटली, पोट फाडलं, दोन बाटल्या रक्त चढवलं, पण आमच्या सुनेनं हूं की चूं केलं नाही. ऐकणाऱ्या बायका माना डोलवत होत्या. एकीने विचारलं, एवढं सोसायला शिकली कुठं. अक्काबाईने रोहिणीकडे बोट दाखवलं. मग ती पेटीतल्या नातीला बघायला गेली.

रोहिणी स्टुलावर बसली. स्नेहलच्या हातात सलाईनची सुई होती, ओठ पांढरे पडले होते. माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं रोहिणी म्हणाली. तीन वर्षांत रोहिणीने बायकांना खूप प्रश्न विचारले होते. श्वास किती लांब घ्यायचा, कोणत्या कुशीवर वळायचं, खांदे कुठे सैल सोडायचे. उत्तरं सगळ्यांची बरोबर यायची. एक प्रश्न मात्र तिने कधी विचारला नव्हता. तो तिने आता विचारला.

"असा श्वास घेतला की दुखणं किती कमी होतं गं?"

स्नेहलने तिच्याकडे नवलाने बघितलं. ही गोष्ट बाईंना ठाऊक नसेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"दुखनं नाय कमी होत, बाई," ती म्हणाली. "आवाज कमी होतो."