आक्रसलेलं अक्षर

डॉक्टर हळदणकरांचं अक्षर आजऱ्यात फक्त तोरस्करबाईंना लागायचं. दवाखान्यासमोरच त्यांचं औषधाचं दुकान होतं. बावीस वर्षं त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचत आल्या होत्या. डॉक्टर खुशीत असले की अक्षर ऐसपैस धावायचं, घरी काही वाजलं असलं की कागदात रुतायचं.

पण गेला महिनाभर अक्षर आक्रसत चाललं होतं. आज आलेल्या चिठ्ठीत तर पहिला शब्द नेहमीसारखा आणि शेवटचा मुंगीएवढा होता. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर बाई ती चिठ्ठी घेऊन आत गेल्या.

"डॉक्टर, रागावू नका. पण तुमचं अक्षर असं बारीक का होत चाललंय?"

डॉक्टरांनी चिठ्ठी बराच वेळ निरखली. मग उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा आपोआप हलत होता.

"हात थरथरतो हे कळत होतं. थकव्यावर ढकलत होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं असं अक्षर पाहिलं असतं, तर त्याच दिवशी त्याला कोल्हापूरला धाडलं असतं. कंपवाताची सुरुवात असावी."

त्यांनी कोरा कागद आणि पेन बाईंकडे सरकवलं. "तिथल्या डॉक्टरांना पत्र द्यायचंय. मी सांगतो, तुम्ही लिहा."

"रुग्णाचं नाव?" बाईंनी सवयीनं विचारलं आणि त्यांनाच कसंतरी झालं.

"विश्राम हळदणकर, वय एकसष्ट. त्रास चार महिन्यांपासून. बायकोला अजून सांगितलेलं नाही."

बाईंचं पेन थांबलं.

"ते लिहू नका," डॉक्टर हलकेच हसले. "ते आज मीच घरी सांगतो."