शाळेमागचं तळं

गावित मॅडमनी मोठ्या हौसेनं आखलेला नववीचा इंग्रजीचा तास दहा मिनिटांतच फसला. सकाळी परिपाठाला प्रत्येकानं आपापल्या कानातल्या कर्णिका नावाच्या यंत्रावर शाळेमागच्या तळ्याची बातमी ऐकली होती. ती इंग्रजीत सांगायची आणि कुणाची कशी वेगळी आहे ते शोधायचं, असा मॅडमचा बेत होता. पण एकेक जण बोलून बसला आणि सगळा वर्ग ओरडला, "सेम आहे, मॅडम!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. कर्णिका नुसत्या बातम्याच नव्हे, तर समोरच्याचं बोलणंही ऐकणाऱ्याला पटेल असं करूनच कानात सोडते, हे त्या साफ विसरल्या होत्या.

"आता तोंडं बंद. खडू घ्या आणि फळ्यावर लिहा."

फळा भरत गेला. शेवंताच्या बातमीत तळं स्वच्छ झालं होतं, तन्वीरच्या बातमीत त्यातले मासे मेले होते, आणि मागच्या बाकावरच्या पोरांच्या बातमीत तर तळं बुजवून क्रिकेटचं मैदान झालं होतं. स्पेलिंगं दिव्य होती, पण कुणी हसलं नाही.

तन्वीरनं हळूच कर्णिका काढून बाकावर ठेवली.

"मॅडम, मग खरं काय आहे?"

हा प्रश्न ऐकायला त्या कित्येक वर्षं आसुसल्या होत्या. उत्तर मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. तळ्यावर त्याही कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी आपलीही कर्णिका काढली.

"चपला घाला," त्या म्हणाल्या. "बघूनच येऊ."