आजोबांची लाल गाडी

"पितृपक्षात काही विकत घ्यायचं नाही. पक्ष संपला की बघू," हे बाबांचं पालुपद ऐकून मी जाम वैतागले होते. दिवाळीत युरोपला जायचं ठरलेलं, आणि तिथल्या त्या लाल आगगाडीच्या खिडकीच्या जागा भराभर संपत होत्या! तीच गाडी, जिचं कॅलेंडरमधलं चित्र आजोबांनी शेवटपर्यंत खाटेजवळच्या भिंतीवर चिकटवून ठेवलं होतं.

आज त्यांची तिथी. गच्चीवर पान ठेवलं, पण कठड्यावरचा कावळा काही शिवेना.

"अण्णा, दरवर्षी असंच सगळं साग्रसंगीत करू," बाबा हात जोडून म्हणाले. कावळा ढिम्म.

"तुमच्या कुंड्यांना रोज पाणी घालीन," आई म्हणाली. कावळ्याने चक्क मान फिरवली.

मला राहवेना. मी ओरडलेच, "आजोबा, त्या गाडीची तिकिटं आजच काढतो!"

कावळा टुणकन उतरला आणि थेट वड्यावर तुटून पडला.

"आगाऊ कार्टी!" म्हणत बाबांनी डोळे पुसले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "खिडकीच्याच जागा घे. आणि ते चित्र भिंतीवरून अलगद काढ. बरोबर न्यायचंय."