मोठं पान

पत्ते आईनेच पिसायचे, एवढ्या एका गोष्टीवर दोघा भावांचं एकमत झालं. बाकी सकाळपासून नुसतं वाजत होतं.

घरमालकाला खोल्या परत हव्या होत्या. सामान बांधून झालं होतं. आई तेवढी कुणाकडे जाणार हे ठरायचं होतं. दोघे स्वयंपाकघरात कुजबुजत होते आणि बाहेर बसलेल्या आईला त्यातलं शेवटचं तेवढं नीट ऐकू आलं.

"एकेक पान घेऊ. मोठं पान येईल तो जिंकला," थोरला म्हणाला. "आणि हरणाऱ्याने नंतर कुरकुर करायची नाही. बायकोसमोरसुद्धा."

"कबूल, दादा."

 म्हणजे आईला कुणाच्या गळ्यात मारायचं ते आता पत्ते ठरवणार होते.

पण रडत बसायला वेळ नव्हता. धाकट्याच्या दोन खोल्या, घरात तान्हं बाळ, सूनबाईची रात्रपाळी, वर चढायला तीन जिने. तिथे हा आखडलेला गुडघा घेऊन कुठे जायचं? थोरल्याकडे जागा ऐसपैस होती, लिफ्ट होती. ओझं व्हायचंच, तर ज्याला झेपेल त्याला व्हावं.

लग्नाआधी भावाने तिला एक हातचलाखी शिकवली होती. गठ्ठा कितीही पिसला तरी वरचं आणि तळाचं पान जागचं हलायचं नाही. मुलं लहान असताना ती त्यांना याच गमतीवर तासन्‌तास खेळवत असे. गुडघे म्हातारे झाले होते, बोटं नव्हती.

पानं सारखी करण्याच्या निमित्ताने तिने दुर्री वर घेतली, एक्का तळाशी सरकवला आणि पिसायला लागली.

"नीट पीस हं, आई," थोरला म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. धाकटा नखं खात होता, शाळेत निकालाच्या दिवशी खायचा तशी. एवढी का मी जड झाले, असं तिच्या मनात आलं. डोळे भरले, पण हात चुकला नाही.

वरचं पान थोरल्याला दिलं. तळाचं धाकट्याला.

थोरला दुर्री धरून तसाच बसला. धाकट्याने एक्का जमिनीवर आपटला.

"सुटलास रे बाबा," आई त्याला हसून म्हणाली.

त्याला ते ऐकूच गेलं नाही. त्याने तिची पिशवी खांद्याला लावली आणि खाली बसून तिच्या पायांत चपला सरकवायला लागला. "चल, आई. जिने मी उचलून चढवतो तुला. आतली खोली तुझी, कालच रिकामी केलीय."

आई बघतच राहिली. मग तिने थोरल्याकडे पाहिलं.

"जिंकेल त्याची आई, असं ठरलं होतं," तो दुर्रीवरची नजर न काढता म्हणाला. "तुझी ती जुनी गंमत मला अजून आठवते गं. त्याच्याकडेच जायचं होतं, तर नुसतं सांगायचंस."