ऑर्मस्केलांचा नकाशा

“कुठली?” म्हाताऱ्याने विचारलं.

हुसेनमियाँ बाणकोटकरांच्या तोंडचं पाणी पळालं. समोर सौदीतल्या अल खर्जचं कबरस्तान पार भिंतीपर्यंत पसरलेलं. वाळूचे उंचवटे, प्रत्येकाच्या डोक्याशी एक ओबडधोबड दगड, आणि नाव कुणाचंच नाही.

म्हातारा म्हणजे जॉर्ज ऑर्मस्केल. इंग्लंडहून आला होता. त्याचा एकुलता एक मुलगा डेव्हिड इथल्या एका डेअरीत गुरांचा डॉक्टर होता आणि हुसेनमियाँ त्याच डेअरीत ड्रायव्हर. पोरगा गुणाचा. इथेच कलमा पढला, हुसेनमियाँच्या खांद्याला खांदा लावून नमाज शिकला, आणि गेल्या साली रियाधच्या रस्त्यावर गाडीपुढे उंट आला नि जागच्या जागी संपला. त्याला माती हुसेनमियाँनीच दिली. मग बापाचा फोन आला, तेव्हा यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. “साहेब, कधीपण या. मी दाखवतो ना!”

त्या एका शब्दावर म्हातारा एवढ्या लांब आला होता.

गाडीत वाटभर त्याच्या मांडीवर नकाशा. रिटायर झाल्यापासून त्याने दुसरं काही केलंच नव्हतं म्हणे. ऑर्मस्केल हे मूळ एका खेड्याचं नाव. पुढे तिथे धरण झालं, खेडं पाण्याखाली गेलं, माणसं पांगली. कुणी कोळशाच्या खाणीत, कुणी कॅनडात, एक घर थेट न्यूझीलंडला. जिथे कुणी ऑर्मस्केल राहिला तिथे लाल ठिपका. तिथला वंश खुंटला की लालावर काळा.

“म्हणजे आमच्यासारखंच की,” हुसेनमियाँ मोडक्यातोडक्या इंग्रजीत खुशीने म्हणाले होते. “आम्ही बाणकोटचे, म्हणून बाणकोटकर. आता मुंबईत आहेत, कुवेतमध्ये आहेत, केपटाऊनला पण आहेत. मोजता येणार नाहीत, साहेब!”

मग त्यांची नजर नकाशावर गेली. सगळे ठिपके काळे. लाल एकच, म्हाताऱ्याच्या स्वतःच्या गावावर. त्यानंतर हुसेनमियाँनी गाडी चालवण्याकडे लक्ष दिलं.

म्हाताऱ्याने सोबत एक काळी फरशी आणली होती, त्या बुडालेल्या खेड्याच्या दरीतल्या दगडाची, मुलाचं नाव कोरलेली. ती सुदानी राखणदाराने फाटकावरच अडवली. “नाव नाही लावायचं. इथे कुणाचंच नसतं. बादशहाचंसुद्धा नसतं.” म्हाताऱ्याला मात्र त्याने आत सोडलं. हुसेनमियाँनी हातापाया पडून सांगितलं होतं, नात्यातल्याला भेटायला आलाय, पिकल्या केसांकडे तरी बघा. फरशी डिकीत राहिली.

“कुठली?” म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं.

हुसेनमियाँनी खूण नीट लक्षात ठेवली होती. शेवटच्या ओळीतली शेवटची कबर. बाणकोटच्या कबरस्तानात प्रत्येक घराण्याचा आपापला तुकडा असतो. तिथे शेवटची कबर त्याच घरातलं दुसरं कुणी जाईपर्यंत शेवटचीच राहते. हुसेनमियाँची स्वतःची जागासुद्धा तिथे बापाच्या पायथ्याशी राखलेली आहे. इथे मात्र मेला त्याला पुढची जागा, मग तो बंगाली असो की वाळवंटातला बद्दू. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या शेवटच्या ओळीपुढे आता ओळींवर ओळी झाल्या होत्या आणि सगळे उंचवटे एकमेकांचे सख्खे भाऊ दिसत होते.

बोट दाखवलं की भागणार होतं. म्हाताऱ्याला काय कळतंय? त्यांनी जरा पुढे जाऊन एका कबरीकडे बोट केलंही. म्हाताऱ्याने टोपी काढली, गुडघे टेकले आणि तिथल्या दगडावरची धूळ तळव्याने पुसली. लहान मुलाचं तोंड पुसावं, तशी. मग मुलाचा ठिपका मांडायला खिशातून पेन काढून नकाशा उघडला.

“हीच ना? नक्की?”

परक्या मयतापुढे हा बाप रडणार आणि आपण बघत उभे राहणार. हुसेनमियाँना ते झेपेना.

“नाही, साहेब. मला नाही सापडत. यांतलीच एक आहे. कुठली ते अल्लाला ठाऊक. माझी चूक झाली.”

म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर हुसेनमियाँनी त्या गोड मानून घेतल्या असत्या. पण त्याने पेनाला टोपण लावलं, नकाशा घडी करून खिशात घातला आणि तो शांतपणे म्हणाला, “माझ्यामागे शोधायला येणारं कुणी नाही. म्हणून एकदा बघून जायचं होतं.”

तो उठला. ओळीच्या टोकाला गेला आणि पहिल्या कबरीपाशी वाकला.

“ऑर्मस्केल?”

जरा थांबला. हाकेला ओ येते का बघावं, तसा. मग दुसरीपाशी वाकला. “ऑर्मस्केल?” मग तिसरीपाशी. एक ओळ संपली तशी दुसरी धरली. ऊन उतरत चाललं होतं आणि म्हाताऱ्याचा आवाजही. अजून कितीतरी ओळी पुढे पडल्या होत्या. हुसेनमियाँ उभ्या जागी डोळ्याला रुमाल लावून रडत होते.

मगरिबच्या नमाजाची वेळ झाली तसा राखणदार फाटक लावायला आला. त्यांच्या शेजारी उभा राहून थोडा वेळ ऐकत राहिला.

“प्रत्येक कबरीपाशी काय म्हणतोय तो?”

“आडनाव घेतोय,” हुसेनमियाँ म्हणाले. “त्याच्या घराण्याचं.”

राखणदाराने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळ्या ओळींवरून नजर फिरवली.

“वल्ला,” तो म्हणाला, “केवढं मोठं खानदान आहे या म्हाताऱ्याचं!”