आधी बाबांचं

गॅरेजवाल्याच्या छातीत महिनाभर अधूनमधून कळ येत होती. बायको कानीकपाळी ओरडायची, "अहो, बाबांसाठी हॉस्पिटलात एवढे खेटे घालताय, त्याच डॉक्टरांकडून स्वतःलाही तपासून घ्या की एकदा!"

"आधी बाबांचं ऑपरेशन, मग पोरीची परीक्षा. माझा नंबर त्यानंतर," असं म्हणून तो हसण्यावारी न्यायचा.

ऑपरेशनच्या दिवशी त्याला सकाळपासून दरदरून घाम फुटत होता. काळजीनं होत असेल, म्हणून तो बाहीला पुसत राहिला. दुपारी डॉक्टर बाहेर आले. "बाबा धोक्याबाहेर आहेत," म्हणाले. त्याचा जीव भांड्यात पडला. "चला, सुटलो एकदाचे," असं बायकोला म्हणत तो बाकावर टेकला आणि त्यानं मान टाकली, ती टाकलीच. डॉक्टर धावले, पण उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारे शुद्धीवर आले. त्यांना एवढ्यात काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"पोरगा कुठाय गं?" त्यांनी सुनेला विचारलं. "माझ्यापायी पार वाळला बिचारा. त्याला म्हणावं, आता माझी काळजी सोड."

तिनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.



"सोडली, बाबा. कालच सोडली त्यांनी."